सोवळे, भय आणि प्रीती : ‘स्मृतिचित्रे’तील धर्मजाणीव

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा (पहिला भाग १९३४) विचार मराठी समीक्षेने बहुधा दोन अंगांनी केला आहे : प्रांजळ, विनोदी निवेदनाच्या आणि एका असामान्य सहजीवनाच्या. या दोन्ही वाचनांत धर्मांतर हा चरित्रातील एक खळबळजनक प्रसंग तेवढा ठरतो. संहितेची मूल्यदृष्टी म्हणून त्याकडे क्वचितच पाहिले जाते. प्रस्तुत टिपणाचे म्हणणे असे, की लक्ष्मीबाईंचा विनोद आणि त्यांची ख्रिस्ती जाणीव परस्परांपासून वेगळ्या काढता येत नाहीत. नियम जेथे माणसाहून मोठा होतो, तेथे हा विनोद उमटतो.

आरंभीचे वडिलांचे चित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. बाहेरून आलेले सामानसुमान धुऊन घेण्यापर्यंत गेलेल्या त्यांच्या सोवळ्याखाली सारे घर वावरते. निवेदक त्यावर हसते, पण वडिलांचा धिक्कार करीत नाही. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या सासऱ्यांना झालेल्या फाशीशी ती या सोवळ्याचा धागा जोडते. नियमामागे भय आहे, हे ती ओळखते. प्रीती आणि भय एकत्र नांदत नाहीत, हा नव्या करारातील विचार येथे कोठेही सांगितलेला नाही. तो चित्रणाच्या पद्धतीत मुरलेला आहे.

नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तो पत्नीला न कळविता. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई त्यांच्याजवळ राहावयास आल्या, त्या आपले सोवळे सांभाळूनच. पुढे त्यांनी जातिभेद सोडला तो कोणाच्या आज्ञेने नव्हे, तर स्वतःच्या विचाराने. आणि बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली घेतला. हा क्रम महत्त्वाचा आहे. एका नियमावलीच्या जागी दुसरी नियमावली आली असती, तर तो उलट झाला असता. पौलाच्या पत्रांतील ‘नियमशास्त्र’ आणि ‘कृपा’ हे द्वंद्व लक्ष्मीबाई सिद्धान्त म्हणून मांडीत नाहीत. पाणी, स्वयंपाक आणि पंगत यांच्या भाषेत त्या ते अनुभवतात. बालकवी ठोंबरे या घरात मुलासारखे राहिले, पण ख्रिस्ती झाले नाहीत, हेही येथे आठवावे. १९१७ साली मिशनमधून बाहेर पडून टिळकांनी ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना तेथे सारखाच प्रवेश होता. या घराने जे आधीच आचरले होते, त्याचेच ते व्यापक रूप म्हणता येईल.

तथापि ‘नियमाऐवजी प्रीती’ असे सरळ समीकरण मांडून थांबणे या संहितेवर अन्याय करणारे होईल. टिळकांच्या औदार्याला हिशेब नाही. घरात असलेले ते देऊन टाकतात आणि उद्याच्या चुलीची चिंता पत्नीवर येऊन पडते. एकाच्या मुक्त प्रीतीची किंमत दुसऱ्याच्या काटकसरीने चुकती होते. लक्ष्मीबाई हे तक्रारीच्या सुरात सांगत नाहीत, पण सांगितल्यावाचूनही राहत नाहीत. वडिलांच्या सोवळ्यावर रोखलेला विनोद पतीच्या बेहिशेबी दातृत्वावरही तितक्याच ममतेने रोखलेला असतो. प्रीतीलाही कोणीतरी रोजची शिस्त पुरवावी लागते, आणि ती पुरविणारी व्यक्ती बहुधा स्त्री असते, हे भान या हास्यात आहे.

म्हणूनच ‘स्मृतिचित्रे’ला केवळ धर्मांतराची साक्ष मानणे जितके अपुरे, तितकेच तिच्यातील धर्म वगळून केवळ तिच्या प्रसन्न शैलीचे कौतुक करणेही अपुरे आहे. ख्रिस्ती साहित्य असा स्वतंत्र कप्पा करून तिला तेथे ठेवल्याने, किंवा त्या कप्प्यातून ‘सोडवून’ मुख्य प्रवाहात आणल्याने, हा प्रश्न सुटत नाही. नियम मोडणाऱ्या प्रीतीचा भार कोण वाहतो, हे विचारणारी ही धार्मिक संहिता आहे, आणि तिचे वाचन त्या प्रश्नापासून सुरू व्हावयास हवे.