शून्य किंमत आणि कादंबरीचा शेवट

स्वयंप्रकाशित ई-पुस्तक काही दिवस फुकट देण्याच्या प्रथेकडे केवळ विक्रीतंत्र म्हणून पाहणे अपुरे आहे. ॲमेझॉनने डिसेंबर २०११ मध्ये सुरू केलेल्या केडीपी सिलेक्ट योजनेत लेखक ९० दिवस आपली डिजिटल आवृत्ती अन्यत्र न देण्याचे बंधन स्वीकारतो; त्या बदल्यात त्याला या मुदतीत ५ दिवस पुस्तक विनामूल्य देता येते. मोफत आणि सशुल्क पुस्तकांच्या क्रमवाऱ्या वेगळ्या असतात. मोफत यादीतील अग्रस्थान म्हणजे विक्री नव्हे, आणि उतरवून घेतलेले पुस्तक वाचले जातेच असेही नाही. म्हणून मालिकेचा पहिला भाग फुकट देऊन पुढील भाग विकण्याची रीत रूढ झाली. प्रश्न साहित्यिक होतो तो येथे. पहिल्या भागाने कथानक पुरे करायचे की वाचकाला अडकवून ठेवायचे? जेरार जेनेटने १९८७ मध्ये शीर्षक, प्रस्तावना, मुखपृष्ठ यांचा संहितेचा उंबरठा म्हणून विचार केला. किंमतही त्याच उंबरठ्यावरची. पण ती तेथे थांबत नाही, आत शिरून शेवट ठरवू लागते.

मोफत देण्याने हे घडलेच पाहिजे असे मात्र नाही. अँडी वेअरने 'द मार्शन' प्रथम आपल्या संकेतस्थळावर प्रकरणशः विनामूल्य दिली. पुढे किंडलवर ९९ सेंट या किमान किमतीला ठेवल्यावर, वेअरच्याच सांगण्यानुसार, विकत घेणारे अधिक निघाले. तिच्या प्रकरणांच्या अखेरीस ताण आहेच, परंतु तो लिहिताना विकण्यासारखे पुढे काही नव्हते.