‘कुटुंबवत्सल’ शाहीर : एका विशेषणाची चिकित्सा

दिवंगत कलावंताविषयी लिहिताना ‘कुटुंबवत्सल’ हे विशेषण आपल्याकडे सहज योजिले जाते. ते दिसते तितके साधे मात्र नाही. ‘कुटुंब’ म्हणजे घरातील सर्व माणसे, हा अर्थ आज रूढ आहे; परंतु जुन्या पिढीतील गृहस्थ ‘आमचे कुटुंब’ म्हणत, तेव्हा त्यांस पत्नीच अभिप्रेत असे. शाहीर साबळे यांच्या जीवनास हे विशेषण लावू गेल्यास दोन्ही अर्थ कसोटीस लागतात.

कृष्णराव गणपतराव साबळे यांचा जन्म ३ सप्टेंबर १९२३ रोजी वाईजवळच्या पसरणी गावी झाला. अंमळनेरच्या शिक्षणकाळात त्यांस साने गुरुजींचा सहवास लाभला. तमाशाच्या बतावणी-वगाच्या बांधणीतून त्यांनी आपले मुक्तनाट्य सिद्ध केले; १९६० चे ‘यमराज्यात एक रात्र’ हे त्याचे ठळक उदाहरण होय. पुढे ‘महाराष्ट्राची लोकधारा’ने गावोगावची गीते व नृत्ये नागर रंगमंचावर आणली. १९९८ साली त्यांस पद्मश्री लाभली आणि २० मार्च २०१५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

पहिल्या, व्यापक अर्थाने शाहीर कुटुंबवत्सल होते, याविषयी शंका नको. पुत्र देवदत्त संगीतकार झाले, कन्या चारुशीला नृत्य-अभिनयात नावारूपास आल्या, तर दौहित्र केदार शिंदे दिग्दर्शक झाले. अंकुश चौधरी, भरत जाधव यांच्यासारखी परक्या घरांतील तरुण मुलेही ‘लोकधारे’त घडली. घर आणि फड यांच्या मधली भिंत येथे जवळजवळ नाहीशी झाली होती.

खरा प्रश्न दुसऱ्या अर्थाचा आहे. शाहिरांच्या आरंभीच्या काळातील अनेक गीतांची रचना त्यांच्या पत्नी भानुमती यांची होती. पुढे उभयतांचे संसार विभक्त झाले. त्या खाजगी दुःखाचा न्याय करणे हे समीक्षेचे काम नव्हे. परंतु गीते मागे राहिली, आणि ती ‘शाहीर साबळ्यांची गाणी’ म्हणूनच ओळखली गेली. असे का व्हावे?

याचे उत्तर लोकगीताच्या स्वभावात सापडते, असे आम्हांस वाटते. पनवेलच्या परिसरात आगरी लग्नांतून धवळारीण धवळे गाते. तेथे ‘पाणी’चे ‘पानी’, ‘नारळ’चा ‘नारल’, ‘घोडा’चा ‘घोरा’ होतो. बोलीचे हे सारे विशेष आम्ही अभ्यासक काटेकोरपणे टिपून घेतो. पण मूळ रचना कोणत्या बाईची, हे विचारण्याचे कोणास सुचत नाही. विचारले तरी उत्तर मिळणार नाही, कारण अनामिकता हा त्या परंपरेचा धर्मच आहे. ‘या गो दांड्यावरनं’सारखे कोळीगीत घाटावरच्या शाहिराने गावे आणि ते साऱ्या महाराष्ट्राचे व्हावे, हे त्याच धर्मामुळे शक्य झाले. मात्र भानुमतीबाईंची रचना अनामिक नव्हती. लोकगीतास शोभणारी अनामिकता तिला केवळ मंच लोकगीताचा आणि घर गायकाचे म्हणून चिकटली.

पती-पत्नीचे कर्तृत्व एकच, ते वेगळे का मोजावे, असा आक्षेप कोणी घेईल. त्यास ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हेच उत्तर आहे. २०२३ साली राज्यगीत झालेल्या या गीताचे कवी राजा बढे, संगीतकार श्रीनिवास खळे आणि गायक शाहीर साबळे अशी तिन्ही नावे आपण आदराने घेतो, आणि त्यामुळे गायकाचे मोठेपण तिळमात्र उणावत नाही. घराबाहेरच्या कवीस जे दिले, ते घरातील कवयित्रीस नाकारण्याचे कारण काय?

२०२३ सालीच केदार शिंदे यांचा ‘महाराष्ट्र शाहीर’ हा चित्रपट आला. त्यात भानुमतींची भूमिका त्यांची कन्या सना शिंदे हिने केली. पणतीने पणजीस पडद्यावर आणले. घराने आपले ऋण आपल्या परीने मान्य केले. अभ्यासकांचे ऋण अद्याप बाकी आहे. शाहिरांच्या गीतांची सूची करताना प्रत्येक गीतापुढे रचनाकाराचे नाव लिहिणे, एवढेच ते आहे. ते फिटल्यावर ‘कुटुंबवत्सल’ हे विशेषण शाहिरांस दोन्ही अर्थांनी लावता येते की नाही, हे आपणांस निःशंकपणे ठरविता येईल.