‘उतारा नव्हे’ : एका जुन्या अहवालाचे परीक्षण

रायगडच्या किनाऱ्यावरील शाळांमध्ये वनस्पतींविषयी बोलायला गेलो की आम्ही मुलांना एक प्रश्न हटकून विचारतो : साप किंवा विंचू चावल्यावर तुमच्या गावात कोणता झाडपाला देतात? श्रीवर्धन तालुक्यातल्या एका शाळेत पंधरा मिनिटांत फळा भरला. सापसंद, सर्पगंधा, उपळसरी, आघाडा, रुई, कडुनिंब अशी यादी वाढतच गेली. मग मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, “सर, हे सगळं कुणी तपासून पाहिलंय का?”

प्रश्न अगदी योग्य होता. त्याचे उत्तर ‘हो’ असे आहे आणि ते काम झाले आपल्या शेजारीच, मुंबईच्या हाफकिन संस्थेत. डॉ. कृ. श्री. म्हसकर आणि तेथील औषधशास्त्रज्ञ, जेझुइट पाद्री जे. एफ. कायस यांचा ‘इंडियन प्लांट रेमेडीज इन स्नेक-बाइट’ हा इंग्रजी अहवाल १९३१ साली प्रसिद्ध झाला. सर्पदंशावर गुणकारी म्हणून देशभर ज्यांची ख्याती होती अशा ३१४ वनस्पती आणि वनस्पतींची १८४ मिश्रणे त्यांनी प्राण्यांवर तपासली. निष्कर्ष स्पष्ट होता. यांपैकी एकही औषध विषबाधा टाळत नाही, विष मारत नाही की विषबाधा झालेल्या प्राण्याला वाचवत नाही.

औषधी वनस्पतींवरील आपल्याकडच्या लेखनात या अहवालाला जे स्थान मिळायला हवे होते ते मिळालेले नाही. म्हणून त्याच्या गुणांचे आणि मर्यादांचे परीक्षण येथे करीत आहोत.

अहवालाचे मोल

पहिला गुण म्हणजे लेखकांनी निवड केली नाही. आपल्याला पटलेल्या दोन-चार वनस्पती घेऊन त्यांचे गुणगान करणे सोपे असते. येथे यादी लोकांची होती, जुन्या ग्रंथांची होती. तपासणी मात्र सर्वांना सारखीच. दुसरा गुण असा की नकारार्थी उत्तर त्यांनी लपवले नाही. तीनशेवर वनस्पतींवर श्रम करायचे आणि शेवटी ‘उपयोग नाही’ असे छापायचे, याला धैर्य लागते.

तिसरा गुण वाचकाला दुसऱ्याच एका ग्रंथात सापडेल. डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर आणि बी. डी. बसू यांचा भारतीय औषधी वनस्पतींवरील प्रसिद्ध ग्रंथ प्रथम १९१८ साली निघाला. त्याची दुसरी आवृत्ती १९३३ ते १९३५ या काळात आली. तिच्या संपादकांत ब्लॅटर यांच्याबरोबर कायस आणि म्हसकर हेही होते. या आवृत्तीत अनेक वनस्पतींच्या नोंदींत आधी लोकांमधले उपयोग दिलेले आहेत आणि मग एक कोरडे वाक्य येते : ही वनस्पती सर्पविषावर उतारा नव्हे. दावा आणि त्याची तपासणी एकाच पानावर छापणे, ही संपादनाची आदर्श रीत म्हणावी लागेल.

दुर्दैवाने नंतरच्या अनेक पुस्तिकांनी या ग्रंथातून उपयोग तेवढे उचलले आणि ते कोरडे वाक्य गाळले. त्यामुळे ‘सर्पदंशावर उपयुक्त’ हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात उतरत राहिले. आमच्या मते वनौषधींवरील लोकप्रिय लेखनातला हा सर्वांत मोठा दोष आहे. कोणत्याही यादीत ‘लोक वापरतात’ आणि ‘गुण येतो’ ही दोन विधाने वेगळी ठेवली पाहिजेत. पहिले विधान समाजाविषयी आहे, दुसरे शरीराविषयी.

मग गुण येतो कसा?

येथे शिक्षक हमखास विचारतात, “आमच्या गावच्या भगताने कितीतरी माणसे वाचवली आहेत, ती खोटी का?” माणसे खरोखरच वाचलेली असतात. प्रश्न आहे तो श्रेय कोणाला द्यायचे याचा.

एक काल्पनिक हिशेब मांडू. समजा, एका भगताकडे साप चावलेली १०० माणसे आली. आपल्याकडील बहुतेक साप बिनविषारी असतात. तेव्हा ७० जणांना बिनविषारी साप चावला असे धरू. उरलेल्या ३० जणांना विषारी साप चावला, पण विषारी साप प्रत्येक वेळी विष सोडतोच असे नाही. आणखी १० जण असे सुटले. राहिले २०. त्यांतले १५ विषाची मात्रा कमी असल्याने किंवा शरीराच्या बळावर तगले आणि ५ दगावले. भगताच्या खात्यावर १०० पैकी ९५ जमा झाले! पाला कोणताही असता, अगदी गवत असते, तरी हा आकडा बदलला नसता.

कोकणात फुरशामुळे हा भ्रम अधिक पक्का होतो. फुरशाच्या विषाने रक्ताची गोठण्याची शक्ती जाते, पण मृत्यू बहुधा काही तासांत येत नाही, दिवस लागू शकतात. आणि पुष्कळ रुग्ण उपचारांशिवायही बरे होतात. पहिल्या दिवशी पाला खाल्लेला माणूस दुसऱ्या दिवशी चालता-बोलता दिसला की पाल्याचा जयजयकार होतो. आत रक्त गोठत नाही हे डोळ्यांना दिसत नाही. ते पाहण्याची एक साधी चाचणी रुग्णालयात करतात. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी कलती करायची. रक्त पातळच राहिले असेल तर विष भिनले आहे.

अहवालाच्या मर्यादा

इतके म्हटल्यावर अहवालात काय कमी आहे तेही सांगितले पाहिजे. त्याने विचारलेला प्रश्न मुख्यतः एकच होता : ही वनस्पती उतारा आहे का? प्रश्न महत्त्वाचा खरा, पण तो एकमेव नाही. सर्पगंधेचे उदाहरण घ्या. तिचे नावच सापाशी जोडलेले. पण त्याच १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ती मनोविकारांवर आणि रक्तदाबावर परिणाम करते असे लिहिले. १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवरील आपले निष्कर्ष ब्रिटिश हृदयरोग नियतकालिकात प्रसिद्ध केले आणि जगाचे लक्ष तिच्याकडे गेले. १९५२ साली तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. म्हणजे एका कामासाठी निरुपयोगी ठरलेली वनस्पती दुसऱ्या कामाला मोलाची ठरू शकते. ‘उतारा नव्हे’ याचा अर्थ ‘औषध नव्हे’ असा करता येणार नाही.

दुसरे उदाहरण रायगड जिल्ह्यातलेच आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड तालुक्यात बिरवाडी येथे आणि पुढे महाडला लाल विंचवाच्या दंशाचा बारकाईने अभ्यास केला. या विषाने मज्जातंतूंतील सोडियमचे मार्ग उघडे राहतात, शरीरात ॲड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आकसतात, हृदयावर ताण पडतो आणि फुप्फुसांत पाणी भरते. हे लक्षात आल्यावर त्यांनी १९८० च्या दशकात रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध वापरले. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी २५ ते ३० टक्के दगावत, ते प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. प्राझोसिन विंचवाच्या विषाला हातही लावत नाही. ‘उतारा आहे का?’ एवढेच विचारले तर त्याचेही उत्तर ‘नाही’ असेच येईल! औषध विषाला मारते की शरीराला सावरते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

बावस्करांनी पुढची पायरीही ओलांडली. विंचवाची प्रतिविष लस मिळू लागल्यावर तिचा अधिक उपयोग होतो का, हे त्यांनी महाडला ७० रुग्णांवर तपासले. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी यदृच्छेने विभागणी करून ३५ जणांना केवळ प्राझोसिन आणि ३५ जणांना प्राझोसिनबरोबर लस दिली. दहा तासांत पहिल्या गटातले ८ आणि दुसऱ्या गटातले ३२ रुग्ण पूर्ण बरे झाले. हे काम २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आले. कोणालाही औषधाविना ठेवले नाही, तरी तुलना काटेकोर झाली. आघाड्याच्या मुळीला विंचवावर गुण आहे असे ज्याला वाटते, त्याच्यासाठीही हीच वाट मोकळी आहे : चालू उपचार न थांबवता मुळी जोडून पाहावी आणि फरक मोजावा.

परीक्षानळीतला गुण

अलीकडे उलट दिशेचे निबंध पुष्कळ निघतात : अमुक वनस्पतीचा अर्क सर्पविष निष्प्रभ करतो. ते वाचताना एक गोष्ट पाहावी. विष आणि अर्क आधीच नळीत एकत्र करून मग प्राण्याला टोचले होते, की आधी विष देऊन नंतर औषध दिले? अनेक सालींत व पानांत टॅनिन असते. कातडे कमावताना साल वापरतात ती याचसाठी. टॅनिन प्रथिनांना घट्ट धरते. सर्पविषही प्रामुख्याने प्रथिनेच असल्याने नळीत ते टॅनिनमुळे साकळते. पण साप चावल्यावर विष नळीत नसते, रक्तात फिरत असते.

याचा अर्थ सारे व्यर्थ आहे असे नव्हे. कोलकात्याच्या संशोधकांनी १९९० च्या दशकात उपळसरीच्या मुळातून घोणसाच्या विषाला प्राण्यांमध्ये विरोध करणारे द्रव्य वेगळे केले, ते काम पुढे नेण्याजोगे आहे. सापसंदाच्या कुळातील वनस्पतींत असलेले ॲरिस्टोलोकिक आम्लही विषातील एका विकराला रोखते. परंतु तेच आम्ल मूत्रपिंडे निकामी करते आणि माणसात कर्करोग घडवते हे सिद्ध झाले आहे. ‘वनस्पतीच ती, अपाय काय होणार?’ या समजुतीला याहून चोख उत्तर नाही.

संशोधनाला जागाही भरपूर आहे. आपली प्रचलित लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांसाठी बनवलेली असते. जाळ्यात सापडलेला समुद्रसाप कोळ्याला चावला तर तिचा भरवसा नाही. दंशाच्या जागचे मांस सडते तेही ती पुरते थांबवू शकत नाही. या उणिवा भरून काढणारे द्रव्य एखाद्या झाडात असेलही. ते शोधावे, मात्र सापडेपर्यंत रुग्णाला त्याची वाट पाहायला लावू नये.

२००० ते २०१९ या काळात भारतात वर्षाला सरासरी ५८,००० माणसे सर्पदंशाने मेली, असा २०२० साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. यातील कित्येकांच्या बाबतीत लस नव्हती असे नाही. तिच्यापर्यंत पोचायला उशीर झाला. पाल्याचा खरा अपाय बहुधा पाल्यात नसतो, तो शोधण्यात, वाटण्यात आणि गुणाची वाट पाहण्यात गेलेल्या दोन तासांत असतो.

म्हणून शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. वनस्पतींची यादी करताना फळ्यावर तीन रकाने आखावेत : ‘कोण, कशासाठी वापरतात’, ‘कोणी, कसे तपासले’ आणि ‘काय आढळले’. दुसरा रकाना रिकामा राहिला तर तो रिकामाच ठेवावा. भगताची थट्टा करू नये; गावातली झाडे त्याला आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असतात. उलट त्यालाच शाळेत बोलवावे आणि साप चावलेल्या माणसाला कापू नये, करकचून बांधू नये, अवयव न हलवता तडक रुग्णालयात न्यावे, हे त्याच्याच तोंडून मुलांना ऐकवावे. त्याचा शब्द गावात आपल्यापेक्षा लवकर पोचतो.

श्रीवर्धनच्या त्या वर्गात आम्ही फळ्यावरची यादी पुसली नाही. तिच्या उजवीकडे दोन रकाने आखले आणि खडू त्या मुलीच्या हातात दिला.