गोडामागचा कडू

भाजलेलं बीट, गाजर, रताळं आणि त्यावर नागपुरी संत्र्याच्या फोडी. हिवाळ्यातल्या या सॅलडचे जिन्नस नुसते ऐकले तर गोडावर गोड रचलंय असंच वाटतं. पहिला घास लागतोही गोड. पण बशी संपत आली तरी तोंडाला मिठी बसत नाही, उलट आणखी थोडं घ्यावंसं वाटतं. ही किमया कडवटपणाची आहे. गोड हा या पदार्थाचा दर्शनी भाग, त्याला पेलून धरतो तो कडू.

हा कडू पहिल्यांदा येतो तो विस्तवातून. पाण्यात उकडलेली भाजी 100 अंशांपलीकडे तापत नाही, म्हणून तिला रंगही चढत नाही. ओव्हनमध्ये 200 अंशांवर गाजराच्या कडेचं पाणी उडून जातं, तिथली साखर तांबूस होते आणि टोकांना काळपट झाक येते. त्या टोकांपाशी गाजर गोड असतं आणि किंचित कडूही. त्या कडा कापून टाकणाऱ्यांनी हे सॅलड करू नये, असं मी स्पष्टच सांगेन. खानदेशात काड्यांवर भाजलेल्या वांग्याचं भरीत खाणाऱ्याला हे वेगळं समजवावं लागणार नाही. तो धुरकट कडसरपणा गेला, तर भरितात उरतं काय?

रताळ्याची चाल वेगळी. त्यातलं एक एन्झाइम साधारण 60 ते 75 अंशांच्या दरम्यान पिष्टाची साखर करतं. कुकरमध्ये हा टप्पा झटकन सरतो. चुलीच्या आरात पुरलेलं रताळं मात्र त्यात बराच वेळ रेंगाळतं, म्हणून ते उकडलेल्यापेक्षा गोड होतं. ओव्हनमध्येही रताळं अख्खं, सालासकट, मंद आचेवर आणि सगळ्यांच्या आधी ठेवावं. मऊ झालं की जाड चकत्या करून लोखंडी तव्यावर दोन्ही अंगांनी लाल कराव्यात.

बीट वेगळं भाजावं, नाहीतर सगळं ताट त्याच्याच रंगाचं होतं. बिटाचा मातकट वास अनेकांना नको असतो. तो येतो जिओस्मिन नावाच्या द्रव्यामुळे, आणि पहिल्या पावसानंतर मातीला जो वास सुटतो त्यातही हेच द्रव्य असतं. आंबटाच्या संगतीत ते मोडतं. म्हणून बीट गरम असतानाच त्यावर लिंबू पिळायचं. बिटाचा लाल रंग आंबटात टिकून राहतो, पण वास बराच निवळतो.

आता संत्रं. इथे हात सावकाश चालवावा. वरुड, मोर्शी, काटोलच्या बागांतून हिवाळ्यात येणारं अंबिया बहाराचं फळ आंबटगोड असतं, आणि या सॅलडला तेच हवं. फेब्रुवारी-मार्चचं मृग बहाराचं संत्रं नुसतं खायला जास्त गोड, पण भाजलेल्या रताळ्याशेजारी ते फिकं पडतं. मोसंबी तर इथे अगदीच मवाळ. संत्र्याची साल सैल असल्यामुळे चटकन सुटते. ती सोलताना बोटांना लागणारं तेलही मोलाचं आहे, म्हणून सालीचा वरचा केशरी थर चिमूटभर किसून सॅलडसाठीच्या तेलात घालावा. मग एकेका फोडीच्या पाठीवर सुरीचं टोक फिरवावं, पापुद्रा दोन्हीकडे उलगडावा, बिया काढाव्यात. आत रसाच्या बारीक थेंबपिशव्या एकमेकींना चिकटून उभ्या दिसतात. त्या फुटू द्यायच्या नाहीत.

त्यामागे चवीचं कारण आहे. अख्ख्या फळात संत्र्याचा गर कडू नसतो. पेशी फुटल्या की त्यातलं एक बेचव द्रव्य फळाच्याच आंबटपणामुळे हळूहळू लिमोनिनमध्ये बदलतं, आणि लिमोनिन चांगलंच कडू असतं. सकाळी काढून ठेवलेला संत्र्याचा रस दुपारी कडवट लागतो तो यामुळेच. म्हणजे सालीतला सुगंधी कडसरपणा हा आपला दुसरा कडू, तो आपण मापून घेतो, आणि गरातला हा उशिरा येणारा कडू आपल्याला नको असतो. यासाठी फोडी अगदी शेवटी, वाढायच्या वेळी घालायच्या.

तिसरा कडू मेथीचा. कोवळी, बारीक पानांची मेथी मूठभर, कच्चीच. घोळाणा या कच्च्या पालेभाजीच्या कोशिंबिरीत ती दाण्याच्या कुटाबरोबर येते, तशीच इथेही आणावी. मेथीबरोबर ओल्या लसणाची पात चिरून घातली तर फारच छान.

सगळं जमवताना गरम-गार यांचा क्रम सांभाळायचा. चौघांसाठी दोन बिटं, तीन गाजरं, एक मोठं रताळं, दोन संत्री पुरतात. गरम भाज्यांना आधी मीठ, लिंबाचा रस आणि दोन चमचे कच्चं शेंगदाण्याचं तेल चोळावं. गरम असताना त्या ते मुरवून घेतात, गार झाल्यावर तेल नुसतं वरवर चमकत राहतं. मीठ हात आखडून घालू नये. मिठाने कडवटपणा दबतो आणि गोडी वर येते. भाज्या कोमट झाल्या की मेथी, मग संत्रं, वरून भाजलेले तीळ आणि भरड मिरपूड. मध घालण्याची टूम मला पटत नाही. इतक्या खटपटीने साधलेला तोल एका चमच्यात गोडाकडे कलतो.

बशीच्या तळाशी जमलेला बीट-संत्र्याचा रस बाजरीच्या भाकरीच्या तुकड्याने टिपून घ्यावा. तिन्ही कडू त्यात एकत्र भेटतात.