अकूस्टिक गिटार, ओव्हरड्राइव्ह आणि लपवलेला ॲम्प

मंडळी, अकूस्टिक गिटारला ओव्हरड्राइव्ह लावायचा म्हटलं की अनेकांच्या कपाळाला आठ्या पडतात. लाकडाचा चांगला आवाज कशाला बिघडवायचा? हा आक्षेप आपण एका गाण्यावर तपासून पाहू.

१८ नोव्हेंबर १९९३ रोजी न्यूयॉर्कमध्ये निर्वाणा या बँडचा ‘एमटीव्ही अनप्लग्ड’ कार्यक्रम चित्रित झाला. कर्ट कोबेनच्या हातात १९५९ सालची मार्टिन डी-१८ई होती. डेव्हिड बोवीचं ‘द मॅन हू सोल्ड द वर्ल्ड’ सुरू होतं आणि तिचा आवाज खरखरीत, लांबत जाणारा येतो. वाटेत डिस्टॉर्शन पेडल होतं, म्हणजे ओव्हरड्राइव्हचाच जास्त तिखट प्रकार. ॲम्पही होता, फक्त तो खोट्या खोक्याआड ठेवून मॉनिटर स्पीकरसारखा भासवला होता.

पेडल नेमकं करतं काय? ध्वनिलहरींची टोकं छाटतं. त्यातून नवे हार्मोनिक्स तयार होतात, आणि विरत चाललेला स्वर तुलनेने वर उचलला जातो. अकूस्टिकचा स्वर लवकर मावळतो, तो इथे तग धरतो. पण पाच-सहा तारा एकदम छेडल्या की त्यांचे हार्मोनिक्स एकमेकांत मिसळून आवाज गढूळ होतो. शिवाय पोकळ लाकूड स्पीकरचा आवाज पुन्हा पकडतं आणि फीडबॅकची शिटी सुरू होते.

म्हणून कोबेनची निवड आपल्याला महत्त्वाची वाटते. सुरुवातीची धून आणि शेवटचा सोलो, दोन्हीकडे एकेक स्वर सुटा आहे. गाणारा थांबतो, गिटार पुढे गाते. कोरड्या अकूस्टिकवर ते स्वर इतके टिकले नसते.

उलट उदाहरण रोलिंग स्टोन्सच्या ‘स्ट्रीट फायटिंग मॅन’चं, १९६८ सालचं. कीथ रिचर्ड्सने अकूस्टिक गिटार साध्या कॅसेट रेकॉर्डरवर, त्याला पेलणार नाही इतक्या जोरात मुद्रित केली. तिथे तर कॉर्ड्सच आहेत. पण रस्त्यावर उतरलेल्या गर्दीच्या गाण्याला तो गढूळपणा शोभतो.

आणि आपल्या कानांना हे इतकं परकं आहे का हो? तंबोऱ्याच्या तारेखाली सुताचा दोरा सरकवून आपण जवारी लावतो, ती याच झंकारासाठी. तंत्र वेगळं, पण तारेच्या आवाजात हार्मोनिक्स फुलवायची हौस तीच. तिला कुणी अशुद्ध म्हणत नाही.

तेव्हा आमचा आक्षेप पेडलवर नाही, त्या खोक्यावर आहे. आवाज प्रामाणिक होता, खोटं होतं ते चित्र. ‘अनप्लग्ड’ म्हणजे सच्चा, ही खात्री कानांनी नव्हे, डोळ्यांनी दिली होती. ओव्हरड्राइव्ह कुठे हवा नि कुठे नको, हे गाण्याची गरज ऐकून ठरवायला हवं. स्टेजवर वायर दिसते की नाही, यावरून नाही.