खाणीतले जाते

नुबियाच्या सीमेवरील सोन्याच्या खाणींचे वर्णन अगाथार्खिडीसने इसवी सनपूर्व 2ऱ्या शतकात लिहिले. मूळ ग्रंथ हरवला. डायोडोरसच्या इतिहासाच्या तिसऱ्या खंडात आणि 9व्या शतकातील फोटियसच्या सारांशात ते उरले आहे. डायोडोरसमधला उतारा इंग्रजीवरून मराठीत आणताना मी एका साध्या शब्दाशी अडले.

कपाळावर दिवे बांधलेले कैदी खडक फोडतात, कोवळी मुले बोगद्यांत शिरून तुकडे बाहेर काढतात. ते कुटून झाले, की बायका आणि म्हातारे एकेका खुंट्याला दोघे-तिघे लागून त्यांचे पीठ करतात. हे जातेच. पण मराठीत जाते म्हटले की ओवी आलीच, आणि इथे उसंतसुद्धा नाही. ‘चक्की’ लिहून पाहिले, तर बायकांचे हातच नाहीसे झाले.

लेखकाची कणव खरी आहे. आजारी, वृद्ध, बाई, कुणालाच सूट नाही, हे तो आवर्जून सांगतो. दळणानंतर मात्र त्याची नजर कारागिरीवर खिळते: उतरत्या फळीवर धुणे, मडक्यात शिसे, मीठ आणि सातूचा कोंडा घालून पाच दिवस, पाच रात्री तापवणे. समारोपाचे चिंतनही सोने मिळवण्याच्या आणि राखण्याच्या कष्टांचे. दळणाऱ्या बायका मागेच राहतात.

त्यांच्या तोंडी ओवी घालण्याचा अधिकार मला नाही. म्हणून ‘जाते’ तसेच ठेवले. मराठी वाचकाला तिथली शांतता ऐकू यावी, एवढेच.