न पोहोचलेल्या लहरीची साक्ष : तिबेट पठाराखालील प्रावरणाविषयीच्या एका अनुमानाची समीक्षा

तिबेट पठाराची सरासरी उंची सुमारे ५,००० मीटर असून त्याखालील भूकवच ७० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सर्वसाधारण खंडीय कवचाच्या जवळजवळ दुप्पट जाड आहे. त्याखालचे प्रावरण तप्त की थंड, यावर पठार उंचावण्याची मीमांसा पुष्कळशी अवलंबून आहे. तेथवर कोणतेही छिद्रणयंत्र पोहोचत नाही. साक्ष भूकंपलहरींचीच घ्यावी लागते.

१९८३ मध्ये नी व बराझंगी यांनी ‘एस्‌एन्‌’ लहरीचा मागोवा घेतला. ही दुय्यम लहर कवचाच्या तळालगत, प्रावरणाच्या अगदी वरच्या थरातून आडवी धावते. थंड खडकातून ती दूरवर जाते, तप्त खडकात तिची ऊर्जा शोषली जाते. दक्षिण तिबेटखालून ती स्पष्ट येते. उत्तर-मध्य भागाखाली मात्र लोपते. १९८९ मध्ये इंग्लंड व हाउसमन यांनी मांडले की, शिलावरणाचा जड तळभाग सुटून खाली बुडाला आणि पठार उचलले गेले. हरवलेली लहर या मताचा भक्कम पुरावा मानली गेली.

येथेच अनुमान पुराव्यापुढे धावले. एस्‌एन्‌ लहर फक्त वरच्या थराची परीक्षा करते. तिच्या मौनातून त्याखालच्या शंभर-दीडशे किलोमीटरचा निवाडा कसा व्हावा? २००६ मध्ये प्रीस्टली व सहकाऱ्यांनी पृष्ठीय लहरींवरून पठाराखाली बऱ्याच खोलवर वेगवान, म्हणजे थंड, प्रावरण दाखविले. २००९ मध्ये बॅरन व प्रीस्टली यांना उत्तर तिबेटमध्येही कमी कंप्रतेची एस्‌एन्‌ लहर आढळली. नाहीशी होते ती उच्च कंप्रतेची. १९८३ च्या निबंधाच्या शीर्षकातच ‘उच्च कंप्रता’ हे शब्द होते. पुढील विवेचनात ही मर्यादा गळून केवळ ‘लहर नाही’ एवढेच उरले, ही उणीव मूळ संशोधकांपेक्षा त्यांच्या वाचकांची अधिक आहे.

जाड कवचातील किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या उष्णतेने लगतचे प्रावरण तापावे आणि खालचे थंडच राहावे, हे स्पष्टीकरण दोन्ही निरीक्षणांना सामावून घेते. तरीही पृष्ठीय लहरींना अंतिम पंच मानणे तितकेच घाईचे ठरेल. त्यांची लांबी मोठी असल्याने त्यांचे चित्र पुसट असते. उत्तरेकडील एखादी अरुंद तप्त पट्टी त्यात शेजारच्या थंड भारतीय भूपट्टात सहज मिसळून जाऊ शकते.